शेजाऱ्याचा धर्म शाळेत शिकवा

बेळगावच्या किल्ल्यात शाळांच्या सहली वर्षानुवर्षं येत आल्या आहेत. आत शिरताना दुर्गादेवीचं देऊळ लागतं, गणपतीचं लागतं. पुढे कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, १२०४ साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्यानं, बिचिराजानं, बांधलेली. गाभाऱ्यात नेमिनाथ, छताला दगडी कमळ. त्याच किल्ल्यात आदिलशाहीतली सफा मशीद आहे आणि रामकृष्ण मिशनचा आश्रमही आहे. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात होते तेव्हा ज्या घरात राहिले ते घर या आश्रमात जपलेलं आहे. पुढच्याच वर्षी ११ सप्टेंबरला ते शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत बोलले. मुलं कमळाखाली उभी राहून फोटो काढतात, मशिदीला बाहेरून वळसा घालतात, सावली बघून डबे उघडतात आणि बसमध्ये बसतात. नेमिनाथ कोण, मशिदीत मूर्ती का नसते, जगभरचे धर्म एका सभागृहात बोलवायची गरज शिकागोत कुणाला आणि का वाटली, यातला एकही प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्गात येत नाही. तो विचारायला तासच नाही.

माझं म्हणणं असं की हा तास असायला हवा. जगातल्या प्रमुख धर्मांची ओळख हा आठवी-नववीपासून शाळेतला नियमित विषय व्हावा. आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी शाळांनी तो कुणाच्या आदेशाची वाट न पाहता सुरू करावा.

मुलांना धर्मांबद्दल काही कळत नाही असं नाही. कळतं, पण कुठून? २०२१ च्या डिसेंबरात इथल्याच सुवर्ण सौधमध्ये, म्हणजे बेळगावच्या विधानभवनात, कर्नाटक विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. कितीतरी घरांत मुलांच्या कानावर 'धर्मांतर' हा शब्द आधी पडला. येशूनं डोंगरावर काय उपदेश केला, हे अजूनही पडलेलं नाही. दोन महिन्यांत हिजाबचा वाद पेटला, शाळा-कॉलेजं काही दिवस बंद ठेवावी लागली, १५ मार्च २०२२ ला उच्च न्यायालयाचा निकाल आला. इस्लामच्या आवश्यक प्रथा कोणत्या, यावर न्यायमूर्तींनी पानंच्या पानं लिहिली. आपल्या मुलांनी मात्र तो विषय टीव्हीवरच्या आरडाओरड्यातून आणि मोबाईलवर पुढे ढकललेल्या मजकुरातून शिकला. इस्लामचे पाच आधारस्तंभ कोणते, असं दहावीच्या वर्गात विचारून बघा. नमाज आणि रोजा येईल. जकात क्वचित येईल. शहादा कुणालाच येणार नाही, आणि तोच तर पहिला.

'सरकारी अनुदानाच्या शाळेत धर्म शिकवता येत नाही, कायदा आड येतो' हा आक्षेप इतक्या वेळा ऐकू येतो की त्याचं उत्तर आधी देतो. घटनेच्या २८ व्या कलमानं पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षणाला मनाई केली आहे, आणि ते योग्यच आहे. पूजा करायला लावणं, एखादी श्रद्धा मनात रुजवणं हे शाळेचं काम नव्हे. पण धर्म शिकवणं आणि धर्मांविषयी शिकवणं यातला फरक कोठारी आयोगानं १९६६ मध्येच स्पष्ट केला होता. आपल्याच शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनं १९९९ मध्ये सगळ्या धर्मांची मूलभूत ओळख मुलांना करून द्यावी अशी शिफारस केली. त्या शिफारशीवर आधारलेल्या अभ्यासक्रमाच्या धोरणाला अरुणा रॉय आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं, आणि २००२ साली न्यायालयानं निकाल दिला की धर्मांचा अभ्यास हे २८ व्या कलमात मना केलेलं धार्मिक शिक्षण नव्हे. वाट मोकळी होऊन वीस वर्षं उलटली. आपणच त्या वाटेनं गेलो नाही.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. आमच्याकडे सर्वधर्मसमभावाचा एक सोपा धडा आहे: सगळे धर्म एकच सांगतात, फक्त नावं वेगळी. भाषणात हे छान वाटतं आणि ते म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. तरीही मला हे वाक्य घातक वाटतं, कारण ते ऐकल्यावर पुढे काही शिकायची गरजच उरत नाही. आणि ते खरंही नाही. जैन धर्मात जग निर्माण करणारा ईश्वर नाही. जीव आपल्याच कर्मानं बांधला जातो आणि आपल्याच साधनेनं सुटतो. बुद्धानं तर नित्य आत्माही नाकारला. इस्लामचा सगळा भार अल्लाह एकच आहे यावर, आणि त्याच्या बरोबरीला दुसरं काही बसवणं हे त्या धर्मातलं सगळ्यात मोठं पाप. ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेनुसार तोच एक देव माणूस होऊन आला, क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. मुसलमान येशूला पैगंबर म्हणून मान देतो, पण देवाचा पुत्र मानत नाही. ज्यू दोघांचीही ही मांडणी स्वीकारत नाही. हिंदू परंपरेत निर्गुण ब्रह्म मानणारा आहे, विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवणारा आहे आणि ईश्वर न मानणारा मीमांसकही आहे. हे सगळं एकच कसं? माणसांनी वेगवेगळे प्रश्न विचारले, वेगवेगळी उत्तरं दिली, आणि त्या उत्तरांवर आयुष्यं उभी केली. त्यांचा मान राखायचा तर ती वेगळी आहेत हे आधी मान्य करायला हवं.

हा वेगळेपणा आमच्या भागात जितका डोळ्यांसमोर आहे तितका फार थोड्या ठिकाणी असेल. एका मयताच्या रीतीचं बघा. सीमाभागातल्या गावात शेजाऱ्याच्या मयताला जायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. मराठा घरातलं मयत असलं तर दहन, तिसऱ्या दिवशी राख सावडणं, दहाव्याला कावळ्याची वाट. लिंगायत घरात दहन नाही. देहाला बसतं करतात, विभूती लावतात, इष्टलिंग हाती देतात आणि बसल्या स्थितीत पुरतात. गेलेल्याला 'लिंगैक्य झाले' म्हणतात, आणि मूळ शरण विचारात, म्हणजे बसवण्णा आणि त्यांच्या सोबत्यांच्या विचारात, श्राद्धाला जागा नाही, कारण जो लिंगात मिळाला त्याला पिंड कुणी आणि कशाला द्यायचा? मुसलमान घरात देहाला आंघोळ घालून कफन घालतात. जनाज्याच्या नमाजात वाकणं नाही, कपाळ टेकणं नाही, सगळी प्रार्थना उभ्यानंच. कबरीत देह उजव्या कुशीवर, तोंड काब्याकडे. कॅम्पातल्या ख्रिस्ती कुटुंबात शवपेटी पुरतात ती शेवटच्या दिवशी पुन्हा उठण्याच्या आशेनं, आणि कॅथलिक माणसं २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांसाठी प्रार्थना करतात. बौद्ध घरात दहन होतं, पण पुढचा विधी पुण्यानुमोदनाचा: त्रिसरण, पंचशील आणि गेलेल्याच्या चांगल्या कर्माची आठवण.

आणि जैनांची सल्लेखना, म्हणजे अन्न सोडत जाऊन मरण स्वीकारण्याचं व्रत. हा विषय बाहेरच्यांना सगळ्यात कमी समजतो, आणि इथे तर तो घरचा आहे. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरा पुन्हा उभी करणारे आचार्य शांतिसागर हे निपाणीजवळच्या भोज गावचे. १९५५ साली कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेऊन देह ठेवला. आचार्य देशभूषण कोथळीचे, आचार्य विद्यानंद शेडबाळचे, आचार्य विद्यासागर सदलग्याचे. विद्यासागर महाराजांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये छत्तीसगडमधल्या डोंगरगडजवळ सल्लेखनापूर्वक देहत्याग केला. एका जिल्ह्याच्या एका कोपऱ्यातून चार आचार्य निघाले, आणि त्याच कोपऱ्यातल्या शाळेत अन्नत्यागाचं हे व्रत आत्महत्येपेक्षा वेगळं कसं मानलं जातं हे मुलांना कुणी सांगत नाही. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं या व्रताला आत्महत्या ठरवलं आणि महिन्याभरातच सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. हा वाद नववीच्या मुलाला समजतो. जैन मत काय, कायद्याची चिंता काय, दोन्ही नीट मांडता येतं. व्रत रागानं किंवा निराशेनं घ्यायचं नसतं, शरीर धर्माचरणाला असमर्थ झाल्यावर, कषाय, म्हणजे राग-लोभासारखे विकार, शांत करत घ्यायचं असतं, एवढं कळलं तरी सल्लेखना घेतलेल्या शेजारच्या पाटलांच्या आजींबद्दल बोलताना मुलाच्या तोंडचे शब्द बदलतील. तो सहमत झालाच पाहिजे असं नाही.

मयताला सगळे जातात, खांदाही देतात, आणि समोर जे चाललंय त्याचा अर्थ मात्र विचारत नाहीत. विचारणं आगाऊपणाचं वाटतं. पंगतीत जैन मित्र कांदा-बटाटा बाजूला सारतो, भाद्रपदात दशलक्षण पर्वात सूर्य मावळायच्या आत जेवतो, तेही असंच. हा संकोच मोडायचं काम शाळाच करू शकते, कारण वर्गात प्रश्न विचारणं आगाऊपणाचं ठरत नाही.

मोहरमचंही तेच. सौंदत्ती तालुक्यातल्या हिरेबिदनूर गावात मुसलमानांचं एकही घर नाही, तरी गाव मोहरम पाळतं. इतर कितीतरी गावांत पंजे बसतात, अलाव्याभोवती, म्हणजे आगीच्या खड्ड्याभोवती, पोरं नाचतात, नवस बोलणाऱ्यांत हिंदूच जास्त. हे आमच्या भागाचं भूषण आहे आणि ते मी मनापासून मिरवतो. पण ६८० साली करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू हुसेन आणि त्यांचे मूठभर सोबती तहानेनं व्याकूळ होऊन लढता लढता मारले गेले, ही हकीकत पंजा उचलणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? पंजाची पाच बोटं म्हणजे पैगंबर मुहम्मद, अली, फातिमा, हसन आणि हुसेन; शिया आणि सुन्नी या घटनेकडे वेगळ्या नजरेनं का बघतात; आज गावातलेच काही मुसलमान तरुण ताबुताला विरोध का करतात, हे माहीत नसलं की त्या विरोधाला लगेच 'बाहेरून आलेली कट्टरता' असं नाव पडतं. त्यांचा विरोध इस्लामच्या आतल्या एका जुन्या वादातून येतो. मोहरमवरचं प्रेम तर ठेवावंच, त्याला माहितीचीही जोड द्यावी. नुसती एकत्र नाचण्याची सवय पहिल्या मोठ्या अफवेपुढे टिकत नाही, हे अलीकडच्या वर्षांत आपण पाहिलं आहे.

गावाच्या पलीकडचं जगही आता लांब राहिलेलं नाही. आमची पोरं गोव्याला जातात, पुण्याला जातात, आखातात जातात, फौजेत जातात. जगात आज ख्रिस्ती सुमारे २३० कोटी, मुसलमान सुमारे २०० कोटी, हिंदू सुमारे १२० कोटी, बौद्ध तीस कोटींच्या वर. आणि कोणताच धर्म न सांगणारे जवळपास १९० कोटी, म्हणजे हिंदूंपेक्षाही जास्त. हा शेवटचा आकडा ऐकून बहुतेक पालक चमकतील. ज्यू जेमतेम दीड कोटी, पण त्यांच्या धर्मग्रंथाशिवाय ख्रिस्ती आणि इस्लाम समजतच नाहीत. जैन पन्नास लाखांच्या आत, आणि अहिंसेचा सगळ्यात कडक विचार त्यांचा. संख्येवरून धर्माचं मोल ठरत नाही हे मुलांना असं आकड्यांतूनच दिसतं.

लांबच्या धर्मांनाही जवळून हात घालता येतो. बौद्ध धर्म म्हटलं की आमच्याकडे १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा आणि बाबासाहेब. १९२५ साली बाबासाहेब निपाणीच्या परिषदेला आले होते ही आठवण इथे अभिमानानं सांगतात. पण शेजारच्याच कारवार जिल्ह्यात मुंडगोडला तिबेटी लोकांची वसाहत आहे, तिथे ड्रेपुंग आणि गादेन हे मोठे मठ आहेत. एका बाजूला बुद्धाला समतेचा शास्ता मानणारे, दुसऱ्या बाजूला वज्रयानाची मंत्र-मंडलं जपणारे भिक्खू. दोघंही बुद्धाचेच. ही एक सहल बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांच्या फांद्या समोर उभ्या करील. तिथून हल्याळकडे आलं की सिद्दी समाज भेटतो: आफ्रिकेतून आलेले पूर्वज, आणि आज एकाच समाजात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिघंही. धर्म रक्तातून येतो असं समजणाऱ्या मुलानं हल्याळला एक दिवस काढावा.

हे सगळं शिकवायला मराठीत साहित्य कुठे आहे, असं विचारणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. मराठीइतकी अनेक धर्मांची भाषा शोधावी लागेल. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी ओळ कोरली आहे, जैन तीर्थात, कन्नड मुलखाच्या मध्यावर. नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटानं मराठी ओव्यांत लिहिलेलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मले आणि मराठी संतमंडळात बसले. मन्मथस्वामींनी वीरशैव तत्त्व मराठीत सांगितलं. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली. विनोबांनी कुराण मूळातून वाचायला अरबी शिकून घेतली आणि कुराणाचा, ख्रिस्ती शास्त्राचा, धम्मपदाचा सार काढून दिला. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्ध समजून घ्यायला घर सोडून श्रीलंकेपर्यंत गेले, पाली शिकले, मराठीत बुद्ध सांगितला. आणि १९४७ मध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून गेले, म्हणजे शेवट जैन वाटेनं केला.

आणि या यादीत सगळ्यात जवळचं नाव विठ्ठल रामजी शिंदे यांचं. १८७३ साली जमखंडीत जन्म. वारकरी घर, आजूबाजूला कानडी मुलूख, घरी मराठी. हा माणूस १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेला तो तुलनात्मक धर्माचा अभ्यास करायला. १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमला उदार धर्ममताच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हिंदुस्थानातल्या उदार धर्माबद्दल बोलून तो परत आला. जगाचे धर्म शिकून आलेल्या शिंद्यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. दुसऱ्यांचे धर्म समजून घेतल्यावर त्यांना स्वतःच्या समाजातला अन्याय अधिक ठळक दिसला, असं मला वाटतं. सव्वाशे वर्षांपूर्वी सीमाभागातला एक मराठी मुलगा जो विषय शिकायला सातासमुद्रापलीकडे गेला, तो विषय आज जमखंडीपासून बेळगावपर्यंत कोणत्याही मराठी शाळेत नाही.

सीमाभागातल्या मराठी माणसावर ही जबाबदारी मी जास्त का टाकतो, त्याचं कारण आहे. आम्ही इथे भाषेनं अल्पसंख्य आहोत. घटनेच्या ३० व्या कलमावर आमच्या शाळा उभ्या आहेत, आणि ते कलम धर्मानं अल्पसंख्य असलेल्यांना आणि भाषेनं अल्पसंख्य असलेल्यांना एकाच वाक्यात, एकच हक्क देतं. तोच माणूस धर्मानं बहुसंख्य आणि भाषेनं अल्पसंख्य: ही आमची जागा आहे आणि तिथून दोन्ही बाजू दिसतात. १९५६ ला हा भाग कानडी राज्यात गेला, तेव्हापासून आमच्याबद्दल आम्हाला न विचारता किती बोललं गेलं, लिहिलं गेलं! आपली ओळख दुसऱ्यानं परस्पर सांगितली की काय वाटतं, हे सांगायला आम्हाला पुस्तक लागत नाही. मग मशिदीबद्दल, चर्चबद्दल, मठाबद्दल आम्ही तरी तसं परस्पर का बोलावं? कानडी फलकावरून हळहळणाऱ्या माणसानं मोहल्ल्यातल्या शेजाऱ्याची हळहळ ओळखायला उशीर लावू नये.

त्यातूनच मला या विषयाचा पहिला नियम सुचतो. कोणत्याही धर्माचा धडा असा लिहावा की तो त्या धर्माच्या माणसाला वाचून दाखवल्यावर त्यानं 'होय, हे आमचंच' म्हणावं. २०२२ मध्ये कर्नाटकाच्या नव्या पाठ्यपुस्तकात बसवण्णांवर जे लिहिलं गेलं त्यावर लिंगायत स्वामींनी उघड आक्षेप घेतला आणि सरकारला तो मजकूर सुधारण्याची तयारी दाखवावी लागली. बसवण्णा तर याच मातीतले. मलप्रभेच्या काठी एम. के. हुबळीला त्यांच्या पत्नी गंगांबिका यांचं ऐक्यस्थळ, म्हणजे समाधी, आहे. त्यांच्याबद्दल लिहितानाही असं होतं, तर पैगंबरांबद्दल किंवा पोपबद्दल लिहिताना काय होईल? लिंगायत हा स्वतंत्र धर्म की हिंदू धर्माचा पंथ, यावर खुद्द त्या समाजातच दोन मतं आहेत. धड्यात दोन्ही यावीत, निवाडा शिक्षकानं देऊ नये.

पण म्हणजे सगळं गोड गोड सांगायचं का? नाही. सौंदत्तीच्या यल्लमाच्या डोंगरावर लाखो माणसं भंडाऱ्यात न्हाऊन 'उदं गं आई उदं' म्हणतात ही श्रद्धा खरी, आणि त्याच देवीच्या नावानं मुली सोडल्या गेल्या हेही खरं. कर्नाटकाला १९८२ मध्ये देवदासीबंदीचा कायदा करावा लागला. धर्मयुद्धं झाली, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं छळ करणारं धर्मन्यायालय, गोव्यापर्यंत आलं, जातीनं माणसं विहिरीपासून दूर ठेवली. हे मुलांपासून लपवलं तर ती आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत. माझं मत एवढंच की प्रत्येक धर्माची काळी बाजू शक्यतो त्याच परंपरेतल्या माणसाच्या तोंडून सांगावी. ब्राह्मणी कर्मकांडाबद्दल बसवण्णा आणि तुकाराम बोलतील. चर्चबद्दल मार्टिन ल्यूथर बोलेल. तलाकच्या प्रथेबद्दल हमीद दलवाई बोलतील. असं झालं की मुलाला कळतं, टीका करणारा शत्रूच असतो असं नाही, बऱ्याचदा तो घरचाच असतो.

पालकांची भीती मी हलकी मानत नाही. 'दुसऱ्यांचा धर्म शिकवला तर पोरगं बहकेल' असं आई म्हणते तेव्हा तिच्या मनात काळजी असते. तिला दोन गोष्टी सांगतो. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे लोक १८२० मध्ये आले, सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ चं. पिढ्यान्‌पिढ्या मराठी हिंदू घरांनी हट्टानं आपली मुलं मिशनच्या शाळांत घातली, आणि ती मुलं शिकून घरच्या गणपतीला परत आली. दुसरी गोष्ट लांबची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो शहरानं २००० सालापासून नववीच्या सगळ्या मुलांना जगातल्या धर्मांचा अभ्यास सक्तीचा केला. संशोधकांनी मुलांची मतं अभ्यासाआधी आणि नंतर तपासली. दुसऱ्यांच्या धर्मस्वातंत्र्याबद्दलचा आदर वाढलेला दिसला. स्वतःच्या श्रद्धा मुलांनी सोडल्या नव्हत्या. माझ्या मते तर उलटंच होईल. सत्यनारायणाच्या पलीकडे आपल्या धर्मात काय आहे हे ज्याला कधी सांगितलं नाही, त्या मुलाला उपनिषदातला नचिकेता पहिल्यांदा याच तासाला भेटेल.

विवेकवादी मित्रांचा आक्षेप वेगळा. शाळेत विज्ञान शिकवा, धर्म घरी ठेवा, असं ते म्हणतात. पण धर्म घरी राहिलेला नाही. तो मिरवणुकीत आहे, मतपेटीत आहे, न्यायालयात आहे. ज्याचा समाजावर इतका प्रभाव आहे त्याचा अभ्यास करायचा नाही, हा विवेक कसा? धर्म न मानणाऱ्यांची बाजूही या तासाला आलीच पाहिजे. चार्वाकापासून गोपाळ गणेश आगरकरांपर्यंत तिचीही परंपरा आहे.

शिक्षक ही मात्र खरी अडचण. सीमाभागातल्या मराठी शाळांत आधीच शिक्षक कमी, जागा रिकाम्या, पटसंख्या घटलेली. त्यात हा नवा विषय. म्हणून मी स्वतंत्र पदवीधर मागत नाही. मराठी संस्था चालवतात त्या माध्यमिक शाळांत मूल्यशिक्षणाचा जो तास असतो, तोच आठवड्यातून एकदा यासाठी द्यावा. इतिहासाचा आणि मराठीचा शिक्षक मिळून तो घेतील. वर्षाला सहा धर्म पुरेत, बाकीचे पुढच्या वर्षी. गुण नकोत, कारण गुण आले की पाठांतर आलं. शिक्षकानं मुलाला 'तू काय मानतोस' हे विचारायचं नाही, स्वतः काय मानतो तेही सांगायचं नाही. वर्गात आरती नाही, नमाज नाही, प्रार्थना नाही. बस्तीत, मशिदीत, चर्चमध्ये, मठात, बुद्धविहारात मुलांना न्यायचं, पण आधी धडा, मग भेट, आणि तिथे बोलायचं त्या जागेच्या माणसानं.

धड्यांचा मसुदा दिवाळीच्या सुट्टीत लिहून होऊ शकतो. खानापूर, निपाणी आणि बेळगावात मिळून असे दहा-बारा शिक्षक सहज सापडतील. मग तो मसुदा बस्तीतल्या पंडितांना, मशिदीतल्या मौलानांना, फादरना, मठातल्या स्वामींना, विहारातल्या उपासकांना आणि गावातल्या वारकरी बुवांना वाचून दाखवायचा, त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या लिहून घ्यायच्या. ज्या दुरुस्तीवर एकमत होणार नाही ती दोन्ही बाजूंनी छापायची. एवढ्याला एप्रिलपर्यंत वेळ आहे. जूनमध्ये शाळा भरल्यावर दोन-तीन शाळांनी पहिला तास घ्यावा, आणि पालकांपैकी ज्यांना शंका आहे त्यांना त्या तासाला मागच्या बाकावर बसायला बोलवावं.